चाळीसच्या आतले आकडे

तिला घरात सगळे चिमी म्हणत. वय त्रेचाळीस, चष्म्याचा नंबर साडेपाच, कानामागे पांढरे केस, तरी चिमीच. वजनकाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात ती ड्रायव्हर लिहायची. असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास गोंधळायचा. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा कौतुकानं विचारलं होतं, "कुठली गाडी चालवतेस?" समजावून सांगायचा नाद तिनं कधीच सोडला होता. "मोठी," म्हणाली आणि जिना चढली.

तिच्या कामाबद्दल नीट ऐकून घेतलं होतं ते एकट्या दादानं. दादा तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, लिफ्ट दुरुस्त करणारा. वडील अचानक गेले तेव्हा तो शिक्षण अर्धवट टाकून हातात पाना घेऊन बाहेर पडला आणि चिमीला मात्र पुस्तकापासून हलू दिलं नाही. तिला नोकरी लागली त्या संध्याकाळी तो समोर मांडी घालून बसला. "आता सांग. काय करतेस तू तिथे?"

"काटा संगणकाला जोडला ना दादा, की त्यातून नुसते आकडे येतात. कच्चे. सेकंदाला शंभर. ते कुठल्याही प्रोग्रॅमच्या हातात थेट पडत नाहीत. मध्ये कर्नेल, म्हणजे संगणकाचा गाभा, बसलेला असतो. तो ते आधी स्वतः घेतो, निवडतो, मग वर देतो. त्याला काट्याची भाषा कळावी म्हणून जो तुकडा लिहावा लागतो, तो ड्रायव्हर. तो मी लिहिते."

"कर्नल? सैन्यातला?"

"कर्नेल!"

"तेच ते. कर्नलसाहेब." दादानं जरा विचार केला. "म्हणजे आमच्या लिफ्टच्या माथ्यावर खोलीत पेटारा असतो, तसा. लोकांना वाटतं बटण दाबलं की लिफ्ट येते. बटण दाबलं की फक्त पेटाऱ्याला कळतं. माणसं उतावीळपणे दहादा दाबतात, बटणाच्या आतला पत्राही थरथरतो. पेटारा एकदाच मोजतो, बाकीचं गिळून टाकतो."

"अगदी तसंच."

"हात्तिच्या! मग मीही लिहितो ड्रायव्हर." आणि खदखदून हसला.

हे हसणं पुढं वीस वर्षं तसंच राहिलं. मग एका वर्षी दादाच्या हातून पाना निसटायला लागला. आधी त्यानं पान्यालाच दोष दिला. मग बोलताना जीभ जड व्हायला लागली, जिना चढताना पाय लटपटायला लागले, आणि तपासण्यांच्या फेऱ्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढून सांगितलं की हा स्नायू एकेक करून झिजवणारा आजार आहे. औषध नाही. डोकं मात्र शाबूत राहतं, बहुतेक.

त्या 'बहुतेक'कडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

दीड वर्षात दादा पलंगावर आला. आवाज गेला. हात गेले. उरला उजव्या हाताचा अंगठा, तोही जरासा. वहिनी शाळेच्या कचेरीत कामाला होत्या. त्यांनी घरी बसून करता येईल तेवढंच काम ठेवलं आणि बाकी दिवस त्याच्या उशाशी. तो काय म्हणतोय ते त्या डोळ्यांवरून ओळखायच्या, पण डोळ्यांनी किती बोलणार? पापण्या मिटून 'हो' म्हणायचं ठरलं होतं. डोळे इतके कोरडे पडायचे की पापण्यांची आपोआपच उघडझाप चालायची, आणि नको असलेली लापशी तोंडात जायची.

तेव्हा चिमीनं यंत्र बनवलं. बटणाएवढी दाबपट्टी अंगठ्याखाली चिकटवली. समोर पडद्यावर अक्षरं ओळीनं मांडली: वर स्वर, खाली क-ख-ग-घ, त्याखाली च-छ-ज-झ, शाळेतल्या तक्त्यासारखी. एक पिवळा उजेड ओळीओळीवरून फिरायचा. हवी ती ओळ आली की दादानं अंगठा दाबायचा, मग उजेड त्या ओळीतल्या अक्षरांवरून फिरायचा, पुन्हा दाबायचा. निवडलेलं अक्षर स्पीकर मोठ्यानं म्हणायचा. एका अक्षराला अर्धं मिनिट. मात्रा आणि वेलांट्यांच्या भानगडीत दादा पडला नाही. "पण" म्हणजे पाणी, "खडक उघड" म्हणजे खिडकी उघडा. वहिनी ते झरझर वाचायच्या. कागद जुळताहेत की नाही हे पाहण्यात आयुष्य गेलेली बाई. नवऱ्याचं बिनकान्याचं बोलणं त्यांना आठ दिवसांत येऊ लागलं.

एकच त्रास होता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दादाखाली हवेची गादी होती आणि तिचा पंप थोड्या थोड्या वेळानं एक बाजू फुगवायचा, दुसरी सोडायचा. हात जरा हलला की पट्टीला वाटायचं, दाबलं. मग स्पीकर भरदुपारी "ठ, ठ, ठ" करत सुटायचा.

"हे बरळतंय," वहिनी वैतागून म्हणाल्या. "माझा जीव घाबरा होतो. मला वाटतं यांनाच काही झालं."

चिमीनं आकडे पाहिले. नुसता हात ठेवला की तीनशे, दाबलं की चारशे वीस, पंपाची हलवाहलव वीस-पंचवीसची. तिनं ड्रायव्हरमध्ये एक ओळ घातली: चाळीसपेक्षा कमी फरक आला तर तो आलाच नाही असं समजायचं. कचरा कर्नेलच्या दारातच थांबवावा, वरच्यांच्या डोक्याला ताप नको, ही तिची कामाची शिस्तच होती. बरळणं थांबलं. वहिनींचा जीव भांड्यात पडला. पाच महिने सगळं सुरळीत चाललं आणि ती ओळ चिमीच्या मनातून पार पुसली गेली.

मग डॉक्टरीणबाईंनी तो प्रश्न विचारला. श्वास अपुरा पडायला लागलाय. गळ्याला छेद देऊन नळी बसवता येईल. मग यंत्राच्या श्वासावर काही काळ काढता येईल. नाही बसवली तर दिवस थोडे. निर्णय त्याचा.

दादानं लिहिलं, "वचर करत." विचार करतो.

दोन-तीन दिवसांत त्याची अक्षरं गळायला लागली. शब्द अर्धवट राहायचे. दमला असेल, असं वहिनींना वाटलं. आणि एका मंगळवारी दादा गप्पच झाला. उजेड ओळींवरून फिरत राहिला, थांबेना.

चौथ्या दिवशी चिमी आली. तिनं प्रोग्रॅमची नोंद काढली. चार दिवसांत एकदाही दाब नाही. तिनं पट्टी दादाच्या अंगठ्याखालून काढली, स्वतःचा अंगठा टेकवून दोनदा दाबला. स्पीकर खणखणीत "क" म्हणाला.

"यंत्र ठीक आहे, वहिनी," ती म्हणाली. "तोच दाबत नाहीये."

या एका वाक्यावर पुढचे पंधरा दिवस उभे राहिले.

वहिनींनी आधी विनवण्या केल्या. "अहो, निदान माझ्याशी तरी बोला. रागावलात का?" मग चिडल्या. मग मुकाट झाल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली, प्रश्न विचारले, पापण्या वाटेल तशा मिटल्या-उघडल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या की कधीकधी या आजारात मनही मागं सरतं. किंवा माणूस आतून ठरवतो, आणि दार लावून घेतो. दोन्हींचा अर्थ नळीच्या बाबतीत एकच निघत होता.

माणूस नाही असं धरलं की त्याच्यासमोर काय बोलावं याचं भान राहत नाही. एका दुपारी चिमी दारात चपला काढत होती आणि वहिनी दादाच्या पायांना तेल लावता लावता, फोन खांद्यानं कानाशी धरून, आपल्या बहिणीशी बोलत होत्या. "सुटले तर बरं, गं. तेही आणि मीही." आवाजात दुष्टपणा नव्हता, नुसता थकवा होता. चिमी तिथंच उभी राहिली. तिच्याही मनात तेच आलं होतं, आणि म्हणून तिला वहिनींकडं बघवेना.

एकोणिसाव्या दिवशी वहिनींनी तिला बोलावून घेतलं. फायलीत कागद तयार होता. नळी बसवायची नाही, त्रास होणार नाही एवढं बघायचं. सही दुसऱ्या दिवशी सकाळी.

"आणि ते काढून ने आता," वहिनी पडद्याकडं न बघता म्हणाल्या. "तो दिवा दिवसभर फिरतो. कुणासाठी फिरतो? मला सहन होत नाही."

त्या बाल्कनीत कपडे काढायला गेल्या. चिमी पलंगाशी बसली. पट्टी दवाखान्यातल्या दुसऱ्या एका रुग्णाला द्यायचं ठरलं होतं, म्हणून ती झिजली आहे का, हे आधी बघून घ्यावं असं तिला वाटलं. नुसता ठेवलेला हात अजून तीनशेच दाखवतोय ना? हे बघायला प्रोग्रॅम उपयोगाचा नव्हता. त्याच्यापर्यंत निवडलेलेच आकडे पोचत. पण कर्नेलला एक मागचं दार असतं. यंत्राकडून जे येईल ते न चाळता, न निवडता, जसंच्या तसं तिथून वाहतं. काटे तपासताना ती रोज ते उघडायची. हातानं सवयीनं ते उघडलं. पंपामुळं आकडे हिंदकळत होते, म्हणून तिनं पंपाचं बटणही बंद केलं.

३०१, ३००, ३०१, ३०१. पट्टी चांगली होती. ३००. ३०९. ३१४. ३१६. ३११. ३०२.

श्वास असेल, तिला वाटलं. छाती वरखाली होते तसा हात हलत असेल. पुन्हा सपाट. पुन्हा ३१५. तिनं दादाचे श्वास मोजले. श्वास कितीतरी भराभर चालला होता, त्याचा यांच्याशी मेळ बसेना. मग कशाचा मेळ बसतो? तिनं मान वर केली. उजेड स्वरांवरून उतरला, क-ख-ग-घ वर आला. ३१६.



तिनं पडदा भिंतीकडं फिरवला आणि घड्याळ लावून दोन मिनिटं आकडे बघितले. सपाट. तीनशे, तीनशे एक. पडदा परत दादाकडं केला. उजेड क च्या ओळीवर आला आणि ३१४. पुढच्या फेरीला पुन्हा. त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा.

"दादा," ती म्हणाली. "दादा, तू दाबतोयस?"

३१७.

ती बाल्कनीकडं ओरडली. वहिनी हातात कपड्यांचा ढीग घेऊनच आल्या. चिमीनं आकड्यांकडं बोट दाखवलं आणि सांगितलं. आधी त्यांना कळेना. मग कळलं.

"तू म्हणालीस यंत्र ठीक आहे."

"यंत्र ठीकच आहे. मीच त्याला सांगून ठेवलं होतं, चाळीसच्या आत आलं तर धरू नकोस. ते बरळत होतं म्हणून. माझा अंगठा शंभर-दीडशेनं दाबतो, त्याला ऐकू गेला. याचा जोर सोळावर आलाय."

"म्हणजे हे बोलत होते?"

"हो."

"एकोणीस दिवस?"

चिमीनं मान डोलावली.

वहिनींनी कपडे खुर्चीवर टाकले. "मग ते कुठाय? काढ ना ते. साठलं असेल कुठेतरी. मी वाचते सगळं. बसून वाचते."

"नाही साठत, वहिनी. कर्नेल जे गाळतो ते कुठंच ठेवत नाही. ते गेलं."

वहिनी तिच्याजवळ आल्या. थोबाडीत मारतील असं चिमीला वाटलं, आणि मारली असती तर बरं वाटलं असतं. पण त्या फक्त म्हणाल्या, "लवकर कर."

चाळीसच्या जागी सहा. एवढंच करायचं होतं. चिमीनं आकडा बदलला, जुना ड्रायव्हर चालत्या कर्नेलमधून उपटून काढला आणि घाईत एक पायरी गाळली. वरचा प्रोग्रॅम अजून त्याला धरून होता. वर कुठं चूक झाली तर एखादी खिडकी बंद पडते. कर्नेलमध्ये झाली तर सगळंच संपतं. पडदा गोठला. उजेड च च्या ओळीवर अडकला. दादाचे डोळे त्या उजेडावर होते, आणि चिमीला कळलं की आता तो क ची वाट बघतोय आणि क येणार नाही.

"काय झालं? काय केलंस?"

"बंद पडलं. मी... दादा, थांब, थांब हं, मी इथंच आहे, आपण परत लावतोय."

संगणक परत सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ वहिनी दादाचा अंगठा हातात धरून बसल्या होत्या. दुसऱ्या वेळी चिमीनं लहान मुलासारखी एकेक ओळ मोठ्यानं वाचली, बोट ठेवून. उजेड फिरायला लागला.

"क," स्पीकर म्हणाला.

वहिनींच्या तोंडून हुंदका की शब्द, काहीतरी निघालं.

"न." मग बराच वेळ गेला. "द." "ख." "त."

"कान दुखतोय!" वहिनी उठल्याच. "कुठला? उजवा?" त्यांनी त्याचं डोकं उचललं. पडदा दिसावा म्हणून त्याची मान नेहमी उजवीकडं कलती ठेवायचे, आणि तो कान उशीत मुडपून खाली गेला होता. कानाची पाळी लालभडक, मागं कातडी सोललेली. "रोज पुसत होते हो मी. रोज पुसून परत तसंच ठेवत होते."

मऊ फडक्याची चुंबळ करून कान मोकळा ठेवला. दादानं डोळे मिटले. या वेळी खरंच मिटले, आणि कितीतरी वेळ उघडले नाहीत. पंप जास्त वेळ बंद ठेवणं बरं नव्हतं, पण विचारायचं ते राहिलं होतंच. वहिनींनीच विचारलं. कागदाचं सांगितलं, काही लपवलं नाही.

"नळ हव," दादानं लिहिलं.

 नळी हवी? की नळ, हवा... हवा कमी पडतेय असं म्हणतोय? आजवर वहिनींचं वाचणं चुकलं नव्हतं, पण यावर त्या वाचायला तयार होईनात. दादालाही ते कळलं असावं. त्यानं ते पुसलं. सुरुवातीपासून धरलं. न. मग ळ. मग पार वर स्वरांच्या ओळीला जाऊन दीर्घ वेलांटी. दोनदा चुकली, दोनदा पुसली. सतरा मिनिटांनी स्पीकर स्पष्ट म्हणाला, "नळी हवी."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला.

चिमीनं दादाच्या हाताशी तोंड नेलं. "मला माफ कर" म्हणायचं होतं, पण ते इतकं तोकडं होतं की तिनं वेगळंच विचारलं. "इतके दिवस काय बोलत होतास?"

"कन," दादानं लिहिलं. मग, "मग शवय."

"शिव्या? कुणाला?"

"करनल."

चिमी हसली आणि त्याच हसण्यात रडायला लागली. शिव्या खऱ्या कुणाला लागू होत्या हे दोघांनाही ठाऊक होतं.

नळी बसली. दादा त्यानंतर दहा महिने जगला. फोनवरचं ते बोलणं त्यानं ऐकलं होतं का, हे वहिनींनी कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी लिहिलं नाही. चिमीनं पंपाची संथ लाट वेगळी काढून टाकायची सोय ड्रायव्हरमध्ये केली आणि दर रविवारी मागचं दार उघडून कच्चे आकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा नेम धरला. सोळा. तेरा. नऊ. सात. अंगठा संपल्यावर पट्टी गालावर लावली. गालानं चार महिने दिले. त्यात दादानं वहिनींना पत्र लिहिलं, ते चिमीला दाखवलं नाही, आणि तिनं मागितलंही नाही.

मग गालही चारवर आला, आणि वर्षभरात झिजलेल्या पट्टीची स्वतःची थरथरही चारचीच होती.

इथं चिमीनं हात टेकले. सहा ठेवलं की दादा गप्प. दोन ठेवलं की यंत्र दिवसभर अक्षरं ओकायचं, "घ, त, त, ब, ठ," आणि वहिनी वही घेऊन ते सगळं उतरवायच्या. "'त ब' म्हणजे तब्येत असेल का गं? हे बघ, काल पण 'त' आलं होतं." चिमी वही बघायची. कारखान्यात ती असे आकडे दिवसाला शंभर वेळा बघून "कचरा" म्हणून मोकळी व्हायची. इथं तिची जीभ रेटेना. तिनं तो आकडा शून्यावर नेला. येऊ दे सगळं. वह्यांवर वह्या भरल्या. कुठल्याही पानावर बोट ठेवून 'हा तो' किंवा 'हा तो नाही' असं सांगणारं जगात कुणी नव्हतं, आणि चिमी तर नाहीच.

शेवटी वहिनींनीच एका दुपारी स्पीकरचा आवाज बंद केला. "राहू दे आता. ते ऐकतात एवढं धरून चालू." त्या दिवसापासून दोघी त्याच्याशीच बोलायच्या. भाजी काय आणली, कोण भेटलं, कचेरीत कुणी काय गोंधळ घातला. त्याच्या कानावर पडू नये असं एकही वाक्य त्या घरात बोललं गेलं नाही.

दादा छातीत कफ होऊन गेला, भर उन्हाच्या वेळी, दोघी जवळ असताना. चौथ्या दिवशी दवाखान्याची माणसं पलंग न्यायला आली. तो जिन्याच्या वळणावर अडकला, तिरपा केला, निघाला. खोलीत फरशीवर चार पायांच्या खुणा उरल्या. वहिनी फडकं घेऊन त्या पुसायला बसल्या, पुसून झाल्यावरही तशाच बसून राहिल्या, आणि म्हणाल्या, "आज जाऊ नकोस, चिमे."

चिमीनं पर्स परत खुंटीला अडकवली.